अडतीस सेकंद

हुक्केरी सरांचा खोकला कापायचा म्हणजे संयोगिता मुळीकच्या अगदी जिवावर आलं होतं.

सर बोलता बोलता थांबत, मूठ तोंडाशी नेत, दोनदा खोकत आणि मग विचारत, "हां, तर कुठं होतो आपण?" वर्गातलं कुणीतरी सांगे. खरं तर कुठं होतो ते सरांना पक्कं ठाऊक असे. पोरं जागी आहेत का, एवढंच त्यांना बघायचं असे. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या बाकावर बसून संयोगितानंही ते कितीदा सांगितलं होतं. आता तीच सरांच्या तासाच्या जुन्या चित्रणात, पडद्यावर, त्या खोकल्यावर बोट ठेवून बसली होती आणि बाजूची हिरवी रेघ धाडकन खाली आली होती. इथं शंभरातले एकतीस बघणारे उठून जाणार, असं रेघेचं म्हणणं होतं.

तिनं खोकला काढला. रेघ वर आली.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या. पूर्वी ती तिथं लग्नाच्या फिल्मा जोडायची. पुढं लोकांचे फोनच वरात घरी पोचायच्या आत फिल्म तयार करून द्यायला लागले आणि तिचा धंदा बसला. धंदा बसला म्हणून माणसाला बसून चालत नाही. दोन हजार छत्तीस साली तिला नवं काम सापडलं. जुनी व्याख्यानं नव्यानं कापून पुन्हा चढवायची.

त्याचं असं झालं होतं. यंत्रांनी बनवलेल्या मास्तरांनी तोवर सगळं इंटरनेट भरून टाकलं होतं. देखणे, कधी न दमणारे, कधी न चिडणारे मास्तर. लोकांना त्यांचा वीट आला. खरा फळा, खरी खडूची भुकटी, बाहेरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न, असलं काही दिसलं की लोक थांबायला लागले. पण किती वेळ थांबणार? खरा माणूस अडखळतो, हजेरी घेतो, "मागचा बाक, गप्प" म्हणून ओरडतो. लोकांना दूध ताजं हवं होतं, पण गोठ्याचा वास नको होता.

ही अडचण 'झिलई' नावाच्या यंत्रणेनं सोडवली. झिलईची दोन अंगं होती. पहिलं लक्ष मोजायचं. फोनचा पुढचा कॅमेरा बघणाऱ्याची बुबुळं टिपतो, पापणी कधी जड होते ते टिपतो, पडद्यावर सरकायच्या आधी अंगठा किंचित उचलला जातो तेही टिपतो. असे कोट्यवधी माणसांचे कोट्यवधी क्षण शिकून ते अंग इतकं तयार झालं होतं, की चित्रण कुणालाही न दाखवता, कोणत्या सेकंदाला किती माणसं उठून जातील हे ते आधीच सांगे. तीच ती हिरवी रेघ.

दुसरं अंग जोडायचं. पूर्वी चित्रण कापलं की जोडाच्या जागी बोलणाऱ्याची मान एकदम उडी मारायची. इथलं काहीतरी काढलंय, हे बघणाऱ्याला कळायचं. झिलई ती उडी बुजवून टाके. त्या माणसाच्या बाकीच्या तासांवरून त्याचा श्वास, मान वळवायची लकब, गालावरचा उजेड शिकून ती मधलं अर्धं-पाऊण सेकंद नवं तयार करी. शब्द नवा नाही, दोन शब्दांमधला श्वास तेवढा नवा. शिवाय रेंगाळलेला सूर ती ठाम करून देई, कारण ठाम बोलणाऱ्यासमोर लोक जास्त वेळ बसतात. जखम भरावी आणि वणही राहू नये, असं ते काम होतं. वण राहत नाही हीच त्यातली खरी मेख होती, पण ते संयोगिताच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

हुक्केरी सर म्हणजे प्राध्यापक दिगंबर हुक्केरी. गडहिंग्लजच्या पुढं, डोंगराच्या कडेला असलेल्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातली दोन वर्षं कुठल्याशा योजनेपायी त्यांचे तास कॅमेऱ्यावर घेतले गेले. तीनशे बारा तास. ते इंटरनेटवर चढले आणि तिथंच पडून राहिले. एकेका तासाला चाळीस-पन्नास बघणारे, त्यात संयोगिताच पाच-सहा वेळा. असा माणूस पन्नास जणांत संपून जावा, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

ती परवानगी मागायला गेली तेव्हा सर धडधाकट होते. अंगणात काजूबिया वाळत घालत होते.

"काप की हवं तेवढं," ते म्हणाले. "छाटणी कशी करायची ते मीच शिकवलंय तुला. पण संयो, एक अट हाय. माझ्या तोंडात नवा शब्द घालायचा न्हाई. जे मी बोललो न्हाई, ते बोललो म्हणून दिसता कामा नये."

"एक शब्दसुद्धा घालणार नाही, सर."

"आणि लोकं बघतील म्हणतीस?"

"लाखांनी बघतील."

"लाख!" सर हसले. "माझ्या वर्गात कधी चाळीस पोरं धड बसली न्हाईत गं."

चार महिन्यांनी सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एकच मागं राहिला. "बघा." वर्गात दर दोन वाक्यांमागं म्हणायचे, तोच. पाणी हवं तरी बघा, नको तरी बघा. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द शाबूत राहतो. तेव्हापासून संयोगिताला वाटे, सरांचा आवाज आता आपल्याकडंच आहे. ती दुप्पट नेटानं कामाला लागली.

सरांच्या शिकवण्यात एक खोड होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. दर तासाला सर एक वाक्य मुद्दाम खोटं सांगत. चेहऱ्यावरची रेषही हलू न देता. कधी ते सांगायचं नाही, कुठलं ते सांगायचं नाही. मुलं त्याला 'खडा' म्हणायची. वाक्य टाकून झालं की सर खिडकीकडं वळत, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत आणि गप्प उभे राहत. मग कुणीतरी ओरडे, "सर, खडा!" आणि ते का खोटं, हे त्यानंच उभं राहून सांगायचं. बरोबर निघालं की सरांच्या खिशातले मूठभर काजू त्याचे. "मी सांगतो म्हणून खरं मानलंसा, तर जन्मभर खडेच चावत बसाल," असं ते म्हणत.

झिलईला हे कुठून कळणार? तिच्या लेखी खडा म्हणजे एक छान, ठाम वाक्य. सरांचं गप्प उभं राहणं म्हणजे मेलेली जागा आणि मागच्या बाकावरून येणारा आवाज म्हणजे खरखर. ती ठाम वाक्य ठेवी आणि बाकीचं काढून टाकी. संयोगितानं ही गोम पहिल्याच आठवड्यात ओळखली. खडा आणि त्याची उकल, दोन्ही ठेवून तिनं पाहिलं. रेघ तोंडावर आपटली. मग तिनं ठरवलं, खडाच काढायचा. प्रत्येक तास आधी आपण पुरता ऐकायचा आणि खडा स्वतःच्या हातानं वेचून टाकायचा. साठ तास तिनं असे वेचले.

मग बघणारे वाढले. पन्नासांचे पाच हजार झाले, पाच हजारांचे दोन लाख. "कुठं होतात सर इतकी वर्षं?" असं लोक लिहू लागले. नाशिकहून, नगरहून, थेट दुबईहून. रोज एक नवा तास हवा, वर त्यातून कापलेले मिनिटा-मिनिटाचे पाच-सहा तुकडे हवेत. एकटी बाई किती ऐकणार? तिनं सोपी वाट काढली. तासाचं लिखाण करून घ्यायचं, त्यात "खडा" हा शब्द शोधायचा आणि तिथलं वाक्य उडवायचं. कुणी ना कुणी ओरडतंच, म्हणजे शब्द सापडणारच. नाही सापडला, तर त्या दिवशी सरांनी खडा टाकलाच नसेल. सुटीच्या आदल्या दिवशी सर खडा टाकत नसत, हे तिला पक्कं आठवत होतं. सोयीचं तेवढं माणसाला बरोबर आठवतं.

श्रावणात तिनं कंदांवरच्या तासातला एक तुकडा चढवला. सरांच्या एका हातात करांद्याचा रानकंद, दुसऱ्या हातात कळलावीचा कंद. "विषारी कंद खाण्याजोगा कसा करतात?" हे नाव झिलईनं सुचवलं आणि संयोगितानं "ठीक" दाबलं. तो तुकडा अठरा लाख लोकांनी पाहिला.

दिवाळीत ती फराळाचा डबा आणि एक नवा टॅब घेऊन सरांकडं गेली. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. महादेवीकाकींनी, सरांच्या बायकोनं, त्यांच्या पाठीशी उशी लावली. संयोगितानं मोठ्या कौतुकानं तोच तुकडा लावला.

सर बघत होते. मध्येच त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "बघा!" ते म्हणाले. पुन्हा हात आपटला. "बघा! बघा!" डोळ्यांतून पाणी आलं.

"बघ की कसा हुरूप आलाय," काकी म्हणाल्या. त्यांनीही पदरानं डोळे पुसले.

"अठरा लाख, सर," संयोगिता म्हणाली आणि पाया पडली.

सरांनी तिच्याकडं एकटक पाहिलं. मग तोंड खिडकीकडं फिरवलं आणि ते गप्प बसून राहिले. दमले असतील, असं काकी म्हणाल्या. संयोगितालाही तसंच वाटलं. ती समाधानानं कोल्हापूरला परतली.

डिसेंबर संपत आला होता. दुपारी जेवून ती कामाला बसणार, तोच फोन वाजला. सरांच्या तासांखाली तिचाच नंबर दिलेला होता. पलीकडे तरुण बाईचा आवाज होता.

"हुक्केरी सरांशी बोलायचं होतं."

"सर आजारी असतात, त्यांना बोलता येत नाही. मी त्यांची विद्यार्थिनी. मला सांगा ना."

"मी वृषाली ढोबळे, जुन्नरच्या पुढून बोलतेय. माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून दिवसभर सरांचंच चालू. डोंगरात जायचे, पानं आणायचे, फोनमध्ये बघून ताडून बघायचे. पहिल्यांदाच आयुष्यात काहीतरी शिकतोय म्हणायचे." ती थांबली. "पप्पा गेले. पाच आठवडे झाले."

"अरेरे. काय झालं हो?"

"कळलावीचे कंद खाल्ले त्यांनी. सरांनी सांगितलं तसे उकडले. तीनदा पाणी बदललं, मी तिथंच होते, हसत होते त्यांना. आई म्हणाली, नका खाऊ, आपल्यात कुणी खात नाही. तर म्हणाले, अगं सर सांगतात, सर कधी चुकायचे नाहीत. आधी मी खाऊन बघतो, मग तुम्ही उद्या खा. सकाळपासून उलट्या सुरू झाल्या. पुण्याला नेलं. पाचव्या दिवशी गेले."

संयोगितानं खुर्ची ओढली. ती खुर्चीत बसली.

"मी तक्रार करायला फोन नाही केला," वृषाली घाईघाईनं म्हणाली. "आई सारखी त्यांना बोल लावते. म्हणते, अर्धवट ऐकायची खोडच होती त्यांना, नीट ऐकलं असतं तर आज घरात असते. मला तेवढंच विचारायचं होतं. पप्पांचं कुठं चुकलं? किती वेळ उकळायचं होतं? सरांना विचारून सांगाल का, ताई?"

शिव्या दिल्या असत्या तर संयोगिताला सोसल्या असत्या. हे सोसेना. "विचारून सांगते," एवढंच कसंबसं म्हणून तिनं फोन ठेवला. हा खडाच असणार, हे तिनं ओळखलं होतं, पण त्या क्षणी ते सांगायची तिची छाती झाली नाही.

तिनं मूळ चित्रण काढलं. न कापलेलं, बावीस वर्षांपूर्वीचं. तास एकशे सत्तेचाळीस. सर टेबलापाशी उभे होते.

"कडू करांदा कसा खातात? उकडायचा, पाणी टाकायचं, परत उकडायचा. तीन पाणी. बघा, तसंच ह्या कळलावीचं." सरांचा सूर इथं किंचित लांबला होता, डावी भुवई वर गेली होती. "तीन पाणी बदललं की ईष निघून जातंय. खुशाल खावा."

आणि सर खिडकीकडं वळले. चष्मा काढला, पुसू लागले. वर्ग गप्प. कुणीच ओरडलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे सरकत राहिले. अडतीस सेकंद. मग घंटा झाली, बाकं सरकली, आणि त्या गलक्यात सर म्हणाले, "बरं. घरी विचारून या."

हे वाक्य झिलईनं गलक्यासकट काढलं होतं. भुवई खाली बसवली होती, लांबलेला सूर ताठ केला होता आणि अडतीस सेकंद पुसून टाकले होते. तासात "खडा" हा शब्द कुठंच नव्हता, कारण तो कुणी पकडलाच नव्हता. आणि संयोगिताला आत्ता, इतक्या वर्षांनी आठवलं. खडा सापडला नाही तर सर तो घरी न्यायला लावत. आईला विचारा, चुलत्याला विचारा, गुराख्याला विचारा. सकाळी येऊन सांगा. अर्धा धडा वर्गात, अर्धा घरी, अशी सरांची रीत होती.

तिनं तास एकशे अठ्ठेचाळीस लावला. त्याची पहिली सहा मिनिटं झिलईनं नेहमीप्रमाणं उडवलेली होती, हजेरी म्हणून. मुळात ती होती. हजेरी संपत असतानाच एका मुलीचा आवाज आला, बारीक, थोडा नाकातला, घाबरलेला.

"सर, कालचं ते खोटं होतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, कळलावी दहादा उकडली तरी मारतीच. तिच्या माहेरी म्हैस मेलीया खाऊन."

"शाब्बास! ऐकलंसा सगळ्यांनी? कळलावीचं ईष उकळून जात न्हाई. शंभरदा पाणी बदला, जात न्हाई. लिहून घ्या. आणि काय रे, मी सांगितलं म्हणून खाणार होतासा?"

वर्ग हसला. संयोगितानं चित्रण थांबवलं. तो आवाज तिचाच होता.

एका माणसाचा जीव ज्यानं वाचला असता ते वाक्य एकोणीस वर्षांच्या संयोगितानं बोलून ठेवलं होतं आणि एक्केचाळीस वर्षांच्या संयोगितानं ते ऐकायलाही न थांबता टाकून दिलं होतं. झिलईला दोष द्यायचा तरी कसा? बोट तिचं होतं. सरांना दिलेला शब्दही तिनं पाळला होता, एकही नवा शब्द घातला नव्हता. नवा शब्द न घालता माणसाला खोटं बोलायला लावता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नव्हतं. खडे वेचायचे तिनंच तर ठरवलं होतं.

तिनं तो तुकडा तत्काळ काढून टाकला. पण तो एव्हाना हजार ठिकाणी पोचला होता. स्वयंपाकाच्या गटांत, गावोगावच्या फोनांत. धनुष्यातून सुटलेला बाण. तेवढ्यात झिलईनं पडद्यावर विचारलं, दुरुस्ती प्रसिद्ध करायची का? खाली दोन अंदाज होते. तुमच्या आवाजात: नऊ हजार बघणारे. हुक्केरी सरांच्या आवाजात: चौदा लाख.

तीनशे बारा तासांवरून सरांच्या तोंडून काहीही वदवणं झिलईला अवघड नव्हतं. तिनं मिनिटभरात मसुदाही पुढं केला. पडद्यावरचे सर हात जोडून म्हणाले, "मित्रांनो, माझी चूक झाली." म्हातारा माणूस चूक कबूल करतो तेव्हा लोक शेवटपर्यंत बसतात, असा झिलईचा हिशोब. सर उभ्या आयुष्यात कुणाला मित्रांनो म्हणाले नव्हते. संयोगितानं तो मसुदा पुसून स्वतः चार वाक्यं लिहिली. तिचं नाव आलं तिथं रेघ बरीच खाली गेली. तिनं जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती सरांच्या दारात उभी होती.

"अवचित कशी गं?" महादेवीकाकी इकडच्या बायकांच्या सवयीनं स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलत म्हणाल्या, "मी आत्ताच आमटी उतरवलो बघ. जेवूनच जा."

"काकी, तो टॅब कुठं आहे?"

"कपाटात टाकलोय मी. रागावू नगंस. ते कळलावीचं लागलं की हे लई तरास करून घ्यायला लागले. हात आपटायचे, आणि मग खिडकीकडं तोंड करून बसायचे तास तासभर. जेवायचे सुद्धा न्हाईत. मला आपलं आधी वाटलं, आनंदानं करतात."

संयोगिता दारातच थांबली. सर खिडकीकडं तोंड करून का बसले होते, ते आता तिला कळलं. दिवाळीत त्यांनी तिला खडा पकडायला वेळ दिला होता. तिनं पाया पडून फराळ खाल्ला होता. वृषालीचे वडील तेव्हा जिवंत होते.

ती सरांच्या पायाशी खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. जुन्नरकडच्या माणसाचं ऐकताना सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं आणि पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"सर, मी तुमच्या तोंडी नवे शब्द घातलेत," ती शेवटी म्हणाली. "अजून कुणाला दाखवले नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता पुसून टाकीन."

तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. फोनमधले सर त्यांच्याच आवाजात सांगत होते, "कळलावीच्या कंदाचं विष उकळून जात नाही. कितीही पाणी बदला, तो खाऊ नका. मी दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं होतं, पण माझा तास कापताना ते काढून टाकलं गेलं. कापणारी माझी विद्यार्थिनी, संयोगिता मुळीक."

सरांचा डावा हात नकळत स्वतःच्या ओठांवर गेला. दीड वर्ष जे ओठ एका शब्दापलीकडं हलले नव्हते, ते समोर सरसर हलत होते. संपल्यावर त्यांनी खुणेनं पुन्हा लावायला सांगितलं. तिचं नाव आलं तिथं हात वर केला, मान जोरानं हलवली. "बघा. बघा." नाव काढ म्हणत होते.

"नाही सर," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं सरांचं ऐकलं नाही.

आत काकींनी ताटं मांडल्याचा आवाज आला. अखेर सरांनी होकाराची मान हलवली, एकदाच, अगदी सावकाश. ते नाही म्हणाले असते, चिडले असते, फोन भिरकावला असता, तर तिला बरं वाटलं असतं. या माणसानं तिच्याकडं जन्मात एकच गोष्ट मागितली होती आणि तिच्या चुकीपायी तीही त्यानं सोडून दिली. याची भरपाई कशानं होणार नव्हती.

ती अंगणात आली. दुरुस्ती प्रसिद्ध करायला एक बोट टेकवायचं बाकी होतं. पण ती जगाला कळायच्या आधी एका घराला कळायला हवी होती. तिनं वृषालीचा नंबर लावला.

"वृषालीताई, संयोगिता मुळीक बोलतेय. सरांना विचारलं."

"काय म्हणाले सर?"

"किती वेळ उकळायचं, असं काही नव्हतंच. ते विष उकळून जातच नाही. सरांनी ते वाक्य मुद्दाम खोटं सांगितलं होतं, मुलांनी पकडावं म्हणून. तशी त्यांची शिकवायची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरं काय ते सांगितलं. ते मी कापलं. लोक जास्त वेळ बसावेत म्हणून. सरांची यात काही चूक नाही, माझी आहे. तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मूळ चित्रण मी स्वतः आणून देईन."

पलीकडून काहीच आलं नाही. संयोगितानं मध्ये शब्द टाकला नाही. ती थांबली. रागाची, रडण्याची, शापाची, कशाचीही तिनं तयारी केली होती.

"व्हिडिओत तीन पाणी म्हणाले होते ना?" वृषालीनं विचारलं. "तीनच?"

"हो. तीनच."

"पप्पांनी तीनदाच बदललं होतं. मी मोजलं होतं." ती म्हणाली. "म्हणजे त्यांनी नीट ऐकलं होतं."

संयोगिता काही बोलणार, तोवर पलीकडे फोन तोंडापासून दूर गेला. वृषाली कुणाला तरी हाका मारत घरात धावत होती.

"आई! अगं आई, ऐक ना. पप्पांचं काहीच चुकलं नव्हतं!"